कपातला न दिसणारा मोगरा

सदर : पाच दारं



मागच्या वेळी आपण कानाच्या दारात बसून आवाज ऐकले. आज एकदम दोन दारं उघडायची आहेत, नाकाचं आणि जिभेचं. दोन्ही एकदम का, ते पुढं तुमच्या लक्षात येईलच. त्याआधी नेहमीसारखं एक कोडं. वाचा आणि डोक्यात ठेवून द्या.

दिवसा झोपते गपगुमान,
रात्री उघडते पाकळ्यांचं पान,
देऊन टाकते सारं काही,
सकाळी बघाल तर घरात नाही!

ओळखलंत? लगेच ओरडू नका. शेजारच्यालाही विचार करू द्या.

आता मला सांगा, चहा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? गॅसवर खळखळ उकळणारं पातेलं, आलं ठेचल्याचा वास, काठापर्यंत वर येणारं दूध आणि ते उतू जाऊ नये म्हणून आईची धावपळ. बरोबर ना? पण चीनमध्ये चहाचा एक असा प्रकार आहे, की त्यात दूध नाही, साखर नाही, आलं नाही, वेलदोडा नाही. रंग इतका फिका की शहाळ्याच्या पाण्यात थेंबभर मध मिसळावा तसा. कपाचा तळसुद्धा स्वच्छ दिसतो. पण कप नाकाशी नेला की काय नवल! मोगरा घमघमतो. कपात वाकून वाकून पाहिलं तरी मोगऱ्याची एक पाकळी दिसत नाही. मग वास आला कुठून?

चला तर मग, या फुलाचा माग काढू या.

एकाच झाडाची भावंडं

काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा ही नावं ऐकून पुष्कळांना वाटतं की ही वेगवेगळी झाडं असतील. तसं नाही बरं का! ही सगळी एकाच जातीच्या झाडाची पानं. शास्त्रज्ञ त्या झाडाला कॅमेलिया सायनेन्सिस म्हणतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं यामुळं.

आपल्या डब्यातला दाणेदार चहा घ्या. त्याची पानं यंत्रात चेचतात, फाडतात, त्यांच्या बारीक गोळ्या वळतात. मग हवेशी संयोग होऊन पानं तांबूसकाळी होतात. सफरचंद कापून ठेवलं की लाल पडतं ना, काहीसं तसंच. हिरव्या चहाची पानं खुडल्यावर लवकरच वाफवतात किंवा कढईत परततात, म्हणजे त्यांचं काळं पडणं थांबतं आणि हिरवेपणा टिकतो.

आणि पांढरा चहा? त्याला चेचायचं नाही, वळायचं नाही, परतायचं नाही. फक्त सुकवायचं. बांबूच्या चाळणीसारख्या तबकांत पातळ पसरून ठेवायचं, हवा लागू द्यायची, मऊ ऊन लागू द्यायचं आणि शेवटी हलक्या आचेवर पूर्ण कोरडं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हवा दमट झाली की काम बिघडलं, ऊन कडक झालं की काम बिघडलं. पापड-कुरडया घालताना आजी सारखी आभाळाकडं का बघते ते आठवा, म्हणजे कळेल.

पांढऱ्या चहाचं माहेर म्हणजे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फुजियान प्रांत. तिथल्या फूडिंग आणि झेंगहे या भागांत वसंत ऋतूच्या सुरुवातीला, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुमाराला, चहाच्या झुडपांना जाड कोंब फुटतात. त्या कोंबांवर बारीक पांढरी लव असते, मांजरीच्या पिल्लाच्या कानावर असते तशी. नुसते हे कोंब खुडून सुकवले की जो चहा होतो, त्याला चिनी भाषेत म्हणतात ‘बाय हाओ यिन झेन’. बाय म्हणजे पांढरी, हाओ म्हणजे लव, यिन म्हणजे चांदी आणि झेन म्हणजे सुई. पांढऱ्या लवेच्या चांदीच्या सुया! किती नेमकं नाव आहे ना?

जाता जाता एक गंमत. आपला ‘चहा’ हा शब्द मुळात चिनी ‘चा’ वरून आला. मग इंग्रजीतला ‘टी’ कुठून आला? तोही चीनमधलाच. फुजियानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द जहाजांतून युरोपात नेला आणि त्याचा ‘टी’ झाला. म्हणजे तुम्ही चहा म्हणा नाहीतर टी म्हणा, बोलताय चिनीच!

मल्लिका निघाली परदेशी

आता फुलाकडं येऊ. चहाला सुवास देण्यासाठी चीनमध्ये जे फूल वापरतात त्याचं शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. नाव परकं वाटलं तरी हे फूल तुमच्या घरातलंच आहे. हा आपला मोगरा!

मोगरा मुळात आपल्या बाजूचा. फार पूर्वी प्रवाशांबरोबर तो आशिया खंडात दूरदूर गेला. संस्कृतमध्ये त्याला म्हणतात मल्लिका. चिनी भाषेत त्याचं नाव आहे ‘मो-ली’, आणि ते या मल्लिकेवरूनच आलं असं अभ्यासक सांगतात. फूल गेलं ते नाव बरोबर घेऊन गेलं. आज मोगरा फिलिपाइन्सचं राष्ट्रीय फूल आहे, इंडोनेशियातही त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे. आणि फुजियान प्रांताची राजधानी जे फुझोऊ शहर, त्या शहराचं फूलही मोगराच. शहराचं झाड कोणतं आहे माहीत आहे? चिनी वड! मोगरा आणि वड म्हटल्यावर ते शहर थोडं ओळखीचं वाटायला लागलं की नाही?

फुझोऊच्या मधून मिन नावाची नदी वाहते. नदीकाठच्या सखल जमिनीत मोगऱ्याची शेतं आणि वरच्या डोंगरउतारांवर चहाचे मळे, अशी तिथली जुनी रचना. एकोणिसाव्या शतकात तिथं मोगऱ्याच्या चहाचा मोठा व्यापार सुरू झाला. हा चहा उत्तरेकडं, पार बीजिंगपर्यंत जायचा आणि तिथल्या लोकांना तो फार आवडायचा. बहुतेक वेळा मोगऱ्याचा सुवास देतात तो हिरव्या चहाला. पण चांदीच्या सुयांसारख्या पांढऱ्या चहालाही देतात. त्याची चव मुळातच मंद, त्यामुळं त्यावर मोगरा छान उमटतो.

पण इथं एक अडचण आहे. चहाचे कोंब येतात वसंतात, आणि मोगऱ्याला खरा बहर येतो कडक उन्हाळ्यात. दोघांची भेट व्हायची कशी? म्हणून वसंतातला चहा सुकवून, नीट झाकून ठेवतात. तो मोगऱ्याची वाट बघत बसतो!

मोगऱ्याची रात्रपाळी

मोगऱ्याची बंद कळी कधी हुंगून पाहिलीत? दुपारी पाहा. जवळजवळ वासच येत नाही. गुलाबाचं तसं नसतं. गुलाबाच्या पाकळ्यांत सुवास साठलेला असतो. मोगरा मात्र उमलता उमलता आपला सुवास तयार करतो आणि त्याच रात्रीत हवेत सोडून देतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फूल मलूल होतं, वास विरून जातो. म्हणजे चहावाल्यांच्या हातात असते फक्त एक रात्र.

म्हणून कळ्या तोडायच्या त्या भर दुपारी. डोक्यावर रुंद टोपी, कमरेला टोपली आणि समोर तापलेलं शेत. तोडणारीला, कारण हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ, एका नजरेत ओळखावं लागतं की आज रात्री उमलणारी कळी कोणती. ती टपोरी आणि पांढरीशुभ्र असते. हिरवट, बारीक कळी उद्यासाठी झाडावरच ठेवायची. उमललेलं फूल उपयोगाचं नाही, त्याची रात्र होऊन गेली. पाऊस पडला की कळ्या भिजतात आणि सुवास उतरतो. वेचता वेचता किती विचार करावा लागतो पाहा!

आपल्याकडं पालघर जिल्ह्यात वसई, जव्हार, विक्रमगड या भागांत शेतकरी मोगरा लावतात. ते कळ्या तोडतात पहाटे, कारण त्या मुंबईला दादरच्या फूलबाजारात वेळेवर पोचवायच्या असतात. संध्याकाळी गजरा केसांत माळला की कळ्या उमलतात. फूल तेच, पण काम वेगळं म्हणून वेळ वेगळी.

फुझोऊच्या कारखान्यात कळ्या आल्या की त्या पसरतात, मग ढीग करतात, पुन्हा पसरतात. ढिगात ऊब येते, त्या उबेनं कळ्या जाग्या होतात. संध्याकाळ उलटली की पाकळ्या हळूहळू सुटायला लागतात. पाकळ्या अर्धवट उघडून आत वळलेल्या दिसल्या की तिथले कारागीर म्हणतात, कळीची वाघनखं झाली! हो, तिथंही हाच शब्द आहे, वाघाची नखं. तो क्षण गाठायचा आणि फुलं कोरड्या चहात मिसळायची. चांगल्या प्रतीच्या चहात फुलंसुद्धा भरपूर लागतात. सगळ्या वेळचा हिशेब केला तर फुलांचं वजन चहाच्या वजनापेक्षा जास्त भरतं.

आता रात्र सुरू. ढिगात फुलं श्वास घेत असतात, उमलत असतात. त्यामुळं ढीग आतून तापतो. फार तापला तर फुलं शिजल्यासारखी होतील आणि चहाला कुबट वास लागेल. म्हणून मध्यरात्री कुणीतरी जागं राहून ढिगात हात घालून बघतं, ढीग मोडून पसरतं, गार होऊ देतं आणि पुन्हा रचतं. आपण झोपेत असतो तेव्हा ही माणसं चहाची ऊब मोजत बसलेली असतात.

सकाळ झाली की फुलं थकलेली दिसतात. मग मोठ्या चाळण्यांनी चाळून सगळी फुलं बाजूला काढतात. सगळी! फुलांतलं पाणी शोषून चहा ओलसर झालेला असतो. तो हलक्या आचेवर पुन्हा वाळवतात, काही दिवस विश्रांती देतात आणि मग पुन्हा ताज्या कळ्या, पुन्हा जागरण, पुन्हा चाळणी. असं तीनदा, चारदा, अगदी उंची चहाला सातदासुद्धा करतात. कधीकधी मोगऱ्याच्या आधी आपल्या सोनचाफ्याच्या कुळातल्या एका पांढऱ्या चाफ्याचा हलका हात देतात, म्हणजे खालचा सूर भरीव होतो.

आता कोड्याचं उत्तर आलं ना ध्यानात? मोगऱ्याची कळी! दिवसा झोपते, रात्री उघडते, सारं देऊन टाकते आणि सकाळी चाळणीतून बाहेर पडते. म्हणून कपात मोगरा दिसत नाही. काही ठिकाणी चहा दिसायला सुंदर दिसावा म्हणून वाळलेली फुलं मुद्दाम ठेवतात किंवा वरून घालतात. पण त्या फुलांतला सुवास केव्हाच निघून गेलेला असतो. तेव्हा पुड्यात पाकळ्या पुष्कळ दिसल्या म्हणजे चहा चांगलाच, असं समजू नका. इथं डोळ्यांवर विसंबून चालत नाही. नाकालाच विचारावं लागतं.

वाण नाही, पण गुण लागला

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. चहा हा असाच एक पवळ्या. कोरडं पान म्हणजे बारीक बारीक छिद्रांचं घर. आजूबाजूचा वास आणि ओलावा ते पटकन ओढून घेतं. मोगऱ्याशेजारी ठेवलं तर मोगऱ्याचा, आणि हिंगाच्या डबीशेजारी उघडं ठेवलं तर हिंगाचा! म्हणून चहाचा डबा घट्ट झाकणाचा असावा लागतो.

ही युक्ती फक्त चिनी लोकांनाच सुचली असं मात्र नाही. आपल्याकडं सुगंधी तेल करायची जुनी रीत आहे. तिळाचे थर आणि फुलांचे थर एकावर एक देऊन ठेवायचे, फुलं बदलत राहायची आणि तिळात पुरेसा सुवास उतरला की ते घाण्यात घालून तेल काढायचं. त्यालाच फुलेल म्हणतात. आणि उन्हाळ्यात आजी माठात मोगऱ्याची चार फुलं टाकते, तेही याच कुटुंबातलं. फरक एवढाच, की आपण तिळाला आणि पाण्याला वास दिला, त्यांनी चहाला दिला.

ही कला टिकणं मात्र सोपं नाही. फुझोऊ शहर वाढत गेलं तशी १९९० च्या दशकात मोगऱ्याची पुष्कळ शेतं इमारतींखाली गेली. आता चीनमधला सगळ्यात जास्त मोगरा ग्वांगशी प्रदेशातल्या हेंगझोऊ भागात पिकतो. पण जुन्या जाणत्या कारागिरांनी काम सोडलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं २०१४ साली फुझोऊच्या मोगरा-चहा शेतीला जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा मानलं. आपल्या काश्मीरची केशराची शेतीही त्याच यादीत आहे बरं का! पुढं २०२२ साली युनेस्कोनं चीनमधल्या चहा बनवण्याच्या पारंपरिक कलांना मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या कलांमध्ये फुझोऊचा हा मोगऱ्याचा चहासुद्धा आहे.

मान मिळाला हे चांगलंच. पण मला वाटतं, अशी कला टिकते ती आणखी एका कारणानं. तिची चव कळणारी माणसं असावी लागतात. मध्यरात्री ढिगात हात घालणाऱ्याची मेहनत ज्याला घोटात ओळखू येत नाही, तो कुठलातरी अत्तर मारलेला स्वस्त चहा घेईल आणि म्हणेल, ‘काय फरक आहे?’ म्हणून आता आपण चव घ्यायला शिकू.

जीभ एकटी काय करणार?

आधी एक प्रयोग. दोन वेलदोड्यांचे दाणे चिमूटभर साखरेबरोबर कुटून घ्या. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि ती पूड जिभेवर ठेवा. काय लागतं? नुसतं गोड! आता नाक सोडा. एकदम वेलदोडा आला की नाही?

यातच सगळं गुपित आहे. जिभेला फार थोड्या चवी कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी. ही पाचवी चव किकुने इकेदा या जपानी शास्त्रज्ञांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून शोधून दाखवली. बाकी वेलदोडा, आंबा, मोगरा, कोथिंबीर हे सगळं नाकाचं काम. घास तोंडात असताना त्याचा वास घशामागच्या वाटेनं नाकात चढतो आणि आपल्याला वाटतं की जिभेलाच कळलं. म्हणून आज मी दोन दारं एकदम उघडली!

मग तिखट आणि तुरट राहिले ना? आयुर्वेदात सहा रस सांगितले आहेत : मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. कषाय म्हणजे तुरट. आजचे शास्त्रज्ञ तुरटपणाला स्पर्शासारखा मानतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते? चहातले काही पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा कमी करतात. पांढऱ्या चहात हा तुरटपणा हलका असतो आणि कोवळ्या कोंबांतल्या थिअनिन नावाच्या पदार्थामुळं मागून एक हलकी गोडी येते.

कोमट पाण्यासारखी आमटी

नाक काय काम करतं ते मला एका मुलीनं शिकवलं. २०२१ साली शाळा फोनवर भरायची तेव्हाची गोष्ट. तिच्या घरी सगळ्यांना कोरोना होऊन गेला होता. एक दिवस ती म्हणाली, “बाई, आईनं केलेली आमटी मला कोमट पाण्यासारखी लागते. आईला सांगू का? तिला वाईट वाटेल.” मला काय बोलावं ते सुचेना. त्या काळात जगभर कितीतरी लोकांचा वास गेला होता आणि वासाबरोबर चवही.

डॉक्टरांनी तिला नाकाचा व्यायाम सांगितला. हो, नाकाचाही व्यायाम असतो! जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातले डॉक्टर थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास रोज दोनदा, लक्ष देऊन, बारा आठवडे हुंगले तर वास गेलेल्या काही लोकांना फायदा होतो. आमच्या मुलीनं घरातल्याच डब्या घेतल्या. रोज सकाळ-संध्याकाळ डबी उघडायची, डोळे मिटायचे आणि आठवायचं की हा वास पूर्वी कसा होता. पहिल्यांदा लवंग आली. मग कितीतरी दिवसांनी लिंबू. एक दिवस तिचा फोन आला, “बाई, आमटीला फोडणी आहे!” तिला एवढंच सांगायचं होतं.

मोगरा तिला अजून अर्धाच येतो. पण ती म्हणते, “जेवढा येतो तेवढा मी पूर्ण घेते.” मुलांनो, आपल्याला सगळा येतो, आणि आपण कितीसा घेतो?

आता घोट घ्या

असा चहा कधी मिळाला तर घाई करू नका. चांदीच्या सुया चीनमधून येतात, पण आपल्या दार्जिलिंग आणि निलगिरीतही पांढरा चहा होतो. गरम पाण्याचं काम मोठ्यांनी करायचं, तुम्ही नाही. आणि कोवळ्या कोंबांत कॅफिन चांगलंच असतं, म्हणून लहानांनी दोन-तीन घोटच घ्यायचे, तेही संध्याकाळी उशिरा नाही.

१. आधी कोरडा चहा पांढऱ्या बशीत घ्या. लव दिसते का? हुंगा. डोळे मिटून सांगा, वास ओळखीचा आहे का.

२. पाणी उकळतं नको. उकळी आल्यावर थोडं निवू द्यायचं, साधारण ८० अंशांपर्यंत. फार गरम पाण्यानं मोगरा दचकून उडून जातो आणि कडूपणा वर येतो.

३. भांड्यावर झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी झाकण उचला आणि झाकणाची आतली बाजू हुंगा. चीनमध्ये झाकणाचा खास पेला असतो. सुवास सगळ्यात आधी झाकणाला भेटतो.

४. पहिला घोट सूर्रर्र आवाज करत घ्या. आज परवानगी आहे! आवाज करत ओढलं की चहाचे तुषार होतात, त्यांत हवा मिसळते आणि वास नाकात चढतो.

५. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं हळूच श्वास सोडा. खरा मोगरा इथं भेटतो. तो जिभेवर नसतो, परत जाताना दारात थबकलेला असतो.

६. त्याच पानांवर पुन्हा पाणी घाला. दुसऱ्या खेपेलाही मोगरा आला तर समजा, कुणीतरी बऱ्याच रात्री जागलं आहे. नुसतं वरून अत्तर मारलेलं असेल तर पहिल्या कपात घमघमाट येतो आणि दुसऱ्या कपात पाठ फिरवतो.

चीनमधले चहा-परीक्षकही असंच करतात. आधी ते नमुन्यातल्या पाकळ्या वेचून टाकतात, म्हणजे डोळे फसायला नकोत. मग ३ ग्रॅम चहावर १५० मिलिलिटर उकळतं पाणी घालून ३ मिनिटं थांबतात आणि सुवास ताजा आहे का ते बघतात. पुन्हा पाणी घालून ५ मिनिटं थांबतात आणि सुवास किती मुरला आहे ते बघतात. त्यांना चहातले दोषही शोधायचे असतात ना, म्हणून ते उकळतं पाणी घेतात. आपल्याला मजा घ्यायची आहे, म्हणून आपण निवलेलं.

करून पाहा

पांढरा चहा मिळाला नाही तरी अडत नाही. दोन घट्ट झाकणाच्या बाटल्या घ्या. दोन्हींत दोन दोन चमचे साधी चहापूड घाला. एकीत संध्याकाळी मोगऱ्याच्या दहा-बारा टपोऱ्या कळ्या ठेवा. दुसरी तशीच. सकाळी कळ्या वेचून काढा. ताईच्या किंवा दादाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा आणि बाटल्या हुंगायला द्या. ओळखतात का? पहिल्या बाटलीतली पूड किंचित ओलसर लागते का तेही बोटानं बघा. ती कागदावर पसरून सुकवा आणि पुन्हा हुंगा. वास कमी झाला असेल. आता कळलं का, ते लोक पुन्हा पुन्हा नव्या कळ्या का घालतात?

एक सूचना लक्षात ठेवा. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असू शकतं. म्हणून ही पूड फक्त हुंगायची, प्यायची नाही.

‘छान’ला सुट्टी

आमच्या वर्गात मी एकदा आठवडाभर दोन शब्दांना सुट्टी दिली होती. ‘छान’ आणि ‘घाण’. कुठल्याही वासाला या दोन शब्दांशिवाय दुसरा शब्द शोधायचा. पहिल्या दिवशी सगळे गप्प! मग हळूहळू तोंडं उघडली. एक जण म्हणाला, “खडूचा वास कोरड्या पावसासारखा.” एक जण म्हणाली, “नवं पुस्तक म्हणजे जून महिना.” आणि शेवटच्या बाकावरचा एक, जो एरवी काही बोलत नाही, तो म्हणाला, “बाबा रात्रपाळीहून आले की तेलाचा वास येतो. मी झोपेतच ओळखतो.” सगळा वर्ग त्याच्याकडं बघत राहिला.

आपल्या मराठीत वासाला किती शब्द आहेत! मंद, उग्र, खमंग, करपट, खवट, कुबट, आंबूस, ओशट, दर्प, दरवळ, घमघमाट, परिमळ. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक किल्ली. शब्द हाताशी असला की तो वास नाकातून निसटत नाही.

तर या आठवड्याचा अभ्यास असा. एक छोटी ‘वासाची वही’ करा. रोज एक वास लिहा. कुठं आला, कसा होता, त्यानं कुणाची आठवण आली, एवढं तीन ओळींत. ‘छान’ आणि ‘घाण’ चालणार नाहीत! सात दिवस झाले की त्यातला तुमचा सगळ्यात आवडता वास मला पत्रानं कळवा. आणि त्या वासामागं कुणाचं जागरण, कुणाची मेहनत आहे का, तेही शोधून लिहा. भाकरीच्या वासामागं कुणीतरी असतं, धुतलेल्या चादरीच्या वासामागंही असतं.

पुढच्या वेळी आपण बोटांच्या दारात बसू आणि डोळे मिटून नाणी ओळखू. तोपर्यंत नाक उघडं ठेवा!

तुमच्या,
बाई